बहरी अलंग

नाना काशीला निघाले तेव्हा वाईतल्या निम्म्या आळीनं त्यांचा निरोप असा घेतला, की जणू पुन्हा भेट नाही. नाना वैतागले. "मरायला नाही चाललो, राहायला चाललोय. दीड वर्षानं परत येणार," असं ते एस.टी.च्या कंडक्टरलाही सांगून आले. वाईला आमच्याकडे दक्षिण काशी म्हणतात. आयुष्यभर कृष्णेच्या घाटावर फिरलेल्या माणसाला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी उत्तरेची काशी राहून बघावीशी वाटली, एवढंच. माझं काम मुद्रितशोधनाचं, लॅपटॉप असला की कुठूनही होतं. म्हणून सोबत मी.

ब्रह्माघाटाच्या वर एका जुन्या घरात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. हा भाग मराठी माणसांचा. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर अठराव्या शतकात इथे येऊन राहिले, आणि मागोमाग घाट, वाडे, वेदपाठशाळा आल्या. नाना फडणवीसांचा वाडाही जवळच. आमच्या नानांना त्याचं फार कौतुक. वाईपासून तीन किलोमीटरवर मेणवलीला फडणवीसांचा दुसरा वाडा आहे, त्यामुळे त्यांना आपण शेजारच्या गावी आल्यासारखंच वाटत होतं.

चौथ्या दिवशी ते खिडकीत उभे होते. "इथं झाड कुठंय गं?"

मी पाहिलं. समोरच्या घराच्या कठड्याखाली, विटांच्या फटीतून, सात-आठ पानांचा एक पिंपळ वाकून बाहेर आला होता. बाकी भिंती, तारा, माकडं. खालच्या बोळात एक सांड उभा राहिला तर माणसांनी मागे फिरायचं. आणि डॉक्टरांनी नानांच्या गुडघ्यांसाठी सांगितलं होतं, रोज अर्धा तास सपाट जमिनीवर चालणं. पक्क्या महालात, म्हणजे बनारसच्या या जुन्या दगडी भागात, सगळं मिळतं. सपाट जमीन तेवढी मिळत नाही.

त्या दीड वर्षात जे कळलं ते लिहून ठेवते.

१. बाग कुठे आहे, असं विचारू नये.

पहिल्या आठवड्यात मैदागिनच्या चौकात मी एका ई-रिक्षावाल्याला विचारलं, "भैया, यहाँ कोई शांत बगीचा है? बाबूजी को टहलाना है।" तो म्हणाला, है ना. वीस मिनिटं फिरवून त्यानं आम्हाला एका फाटकाशी उतरवलं. आत दोन कुंड्या, एक हातमाग आणि गाद्या घातलेली मोठी खोली होती. मालकांनी चहा मागवला. नानांनी पाय पसरून अकरा साड्या पाहिल्या. मी संकोचून एक घेतली. परतताना नाना म्हणाले, "बाग चांगली होती हो. कोयऱ्या पण होत्या, पदरावर."

घरी आल्यावर ही हकिकत तळमजल्यावरच्या काकूंना सांगितली. काकूंची चौथी की पाचवी पिढी इथली. मूळ गाव कोकणात, ते त्यांनी पाहिलेलं नाही. मराठी स्वच्छ बोलतात, पण मधूनच बनारसी वळण येतं. त्या हसून म्हणाल्या, "तुम्ही लोक बाग-बाग काय करता? बनारसी माणूस बागेत नाही जात. तो बहरी अलंग जातो."

बहरी अलंग म्हणजे बाहेरची बाजू. शहराच्या कडेचा मळा, आमराई, नदीचा पलीकडचा काठ, एखादं कुंड. सकाळी लोटा, गमछा आणि चार मित्र घेऊन निघायचं. तिकडे कपडे धुवायचे, अंघोळ करायची, भांग घोटायची, गोवऱ्यांवर बाटी भाजायची, झोपायचं आणि संध्याकाळी परत यायचं. त्याला साफा-पानी असंही म्हणतात. गर्दीचं शहर गर्दीवर उपाय शोधून शतकानुशतकं बसलं होतं, आणि मी रिक्षावाल्याला बगीचा विचारत होते. त्यानंतर मी प्रश्न बदलला. "बहरी अलंग के लिए आप लोग कहाँ जाते थे?" या प्रश्नावर माणूस रिक्षा बाजूला घेऊन बोलायला लागतो. जाते थे, हा भूतकाळ महत्त्वाचा.

२. हिरवं शोधायचं तर आधी जुनं पाणी शोधावं.

हे मला सगळ्यात उशिरा कळलं आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

काशीचं एक जुनं नाव आनंदवन. स्कंदपुराणातल्या काशीखंडात आनंदकानन हा शब्द येतो. आजच्या गोदौलिया चौकात उभं राहून हे नाव आठवलं तर हसू येतं. वन सोडा, तिथे हात वर करायला जागा नाही. पण गोदौलिया हा शब्दच गोदावरीवरून आला आहे. तिथून एक ओढा वाहायचा, त्याला गोदावरी म्हणायचे, आणि तो दशाश्वमेधाजवळ गंगेला मिळायचा. ओढा बुजवला, त्यावर रस्ता झाला. हे ऐकल्यावर नाना चौकातच थांबले. मागून हॉर्न वाजत होते. "म्हणजे आपण गोदावरीच्या पात्रात उभे आहोत," ते म्हणाले, आणि चपला काढायच्या बेतात होते.

जेम्स प्रिन्सेप १८२० मध्ये बनारसच्या टाकसाळीत धातुपरीक्षक म्हणून आला. पुढे याच माणसानं अशोकाची ब्राह्मी लिपी वाचली. त्यानं १८२२ मध्ये या शहराचा नकाशा केला. त्या काळचं शहर तळ्यांनी आणि डबक्यांनी भरलेलं होतं. पावसाळ्यात ती एकमेकांत मिसळायची आणि ओढ्यांतून गंगेत उतरायची. रोगराईचं कारण म्हणून ती आटवायचं ठरलं. भुयारी गटार काढून पाणी गंगेला सोडलं गेलं. मत्स्योदरी तळं असं आटलं. मंदाकिनी तळंही त्याच एकोणिसाव्या शतकात गेलं. उरलेल्या खोलगट, ओलसर जमिनीवर लगेच घरं बांधता येईनात, म्हणून काही ठिकाणी बागा झाल्या. मत्स्योदरीची मच्छोदरी झाली, तिथे पार्क आहे. मंदाकिनीचं मैदागिन झालं, तिथे कंपनी बाग आहे. बेनिया तळ्याची बेनियाबाग. जिच्याबद्दल विचारायला मी रिक्षा पकडली होती, ती बाग मी पकडलेल्या रिक्षाच्या पाठीमागेच होती.

यातलं मच्छोदरी आमचं झालं. ब्रह्माघाटाहून माझ्या पायांनी दहा-बारा मिनिटं, नानांच्या पायांनी पंचवीस. उगाच वर्णन फुगवत नाही. जोडीनं येऊन फोटो काढावेत अशी ती बाग नव्हे. हिरवळ मधेमधे उडालेली, कोपऱ्यात शेळ्या, एका बाजूला पोरांचं क्रिकेट. पण जमीन सपाट आणि झाडं जुनी. निंबाखालच्या बाकावर चार म्हातारे रोज पत्ते खेळायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी नानांना सरकून जागा दिली. पाचव्या दिवशी नाना डाव मांडून बसले होते. त्यांना हिंदी धड येत नाही आणि त्या चौघांना मराठीचा गंध नाही, पण बदाम सात सगळीकडे बदाम सातच.

पाऊस पडला की या बागेत पाणी साचतं आणि दोन-दोन दिवस हटत नाही. लोक महापालिकेच्या नावानं बोटं मोडतात. मला मात्र तेव्हा वाटायचं, तळं आपली जागा बघून जातंय.

३. सावली झाडाचीच हवी असं नाही.

बनारस गंगेच्या पश्चिम काठावर आहे. घाट सगळे पूर्वेकडे तोंड करून. म्हणून सूर्योदय पाहायला जग लोटतं. याचाच दुसरा अर्थ कुणी सांगत नाही: दुपारी दोननंतर घाटावरच्या वाड्यांची आणि देवळांची सावली पायऱ्यांवर उतरायला लागते. चारपर्यंत ती पाण्याला टेकते. पहाटेची गर्दी जेवून झोपलेली असते, आरतीची गर्दी अजून यायची असते. उन्हाळ्याचे दोन महिने सोडले तर दुपारी तीन ते पाच हा घाटाचा सगळ्यात निवांत वेळ.

दुसरं, लोक अस्सी ते दशाश्वमेध आणि फार तर मणिकर्णिका एवढंच चालतात. पंचगंगा घाटाच्या उत्तरेला लालघाट, गायघाट, त्रिलोचन, प्रह्लादघाट इकडे वाळत घातलेली धोतरं, जाळी विणणारे नावाडी आणि म्हशी. त्रिलोचनच्या पायरीवर आम्ही एकदा सव्वा तास बसलो. त्या वेळात आम्हाला "बोट? बोट चाहिए?" असं एकदाही कुणी विचारलं नाही. बनारसमध्ये शांततेचं मोजमाप मी यावरून करते.

४. जिथे तिकीट आहे आणि बघायला फार काही नाही, तिथे जावं.

मालवीय पूल १८८७ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याला डफरिन पूल म्हणत. खाली रेल्वे, वर मोटारी. त्याच्या अलीकडे राजघाटाच्या पठारावर पुरातत्त्व खात्याची एक जागा आहे. १९४० च्या सुमारास रेल्वेच्या कामासाठी खणताना इथे जुनं शहर लागलं. पुढे हिंदू विश्वविद्यालयानं उत्खनन केलं आणि वस्ती इसवी सनापूर्वी आठव्या शतकापर्यंत मागे गेली. म्हणजे मूळ वाराणसी ही. आता तिथे विटांचे पाये, कापलेली हिरवळ आणि लाल खानाचा अठराव्या शतकातला मकबरा. काशीला येणाऱ्या माणसाच्या यादीत यातलं काहीही नसतं. तिकिटाचे थोडे पैसे पडतात, तेवढ्यानं उरलीसुरली माणसंही गळतात.

मकबऱ्याच्या घुमटाला रंगीत झिलईच्या फरशा आहेत. बऱ्याच निखळल्या आहेत. उरलेल्यांवर सकाळचं ऊन आलं की निळा रंग ओला वाटतो. माळी नळी लावून बसलेला असायचा. पाण्याचा फवारा एका जागी पडत राहिला की तिथे साळुंक्या जमायच्या, आणि तो त्यांच्यासाठी नळी हलवायचा नाही. मी विचारलं तर म्हणाला, "नहा लेने दीजिए, फिर घास की बारी।"

शांतता म्हणजे आवाज नसणं, अशी कुणाची कल्पना असेल तर त्यानं इथे येऊ नये. दर काही मिनिटांनी पुलावरून गाडी जाते आणि जमीन थरथरते. नाना गाड्या ओळखायचा प्रयत्न करायचे.

५. दुसऱ्याच्या अंगणात जाताना विचारून जावं.

शहरातली मोठी झाडं आता मुख्यतः संस्थांच्या आवारात उरली आहेत. कमच्छाला थिऑसॉफिकल सोसायटीचं आवार आहे. ॲनी बेझंट तिथे राहायच्या, त्यांच्या घराचं नाव शांतिकुंज. बाहेर रथयात्रा चौकाकडे जाणारी वाहनं एकमेकांच्या अंगावर ओरडत असतात आणि आत पन्नास पावलांवर खारी भांडत असतात. आम्ही दारावरच्या माणसाला विचारलं. त्यानं नानांकडे पाहिलं, त्यांच्या काठीकडे पाहिलं आणि म्हणाला, लायब्ररीकडे बसा. आम्ही लायब्ररीकडे बसलो. दुसऱ्या वेळी एका तरुण जोडप्याला त्यानंच परत पाठवलेलं पाहिलं, तेव्हा वाईट वाटलं. काठीचा हा उपयोग तोवर ठाऊक नव्हता.

राजघाटाला कृष्णमूर्ती फाउंडेशनचं आवारही असंच. वरुणा जिथे गंगेला मिळते त्या टोकाला, १९३४ पासूनची शाळा. पण ती शाळा आहे, मुलं राहतात. तिथे फिरायला म्हणून शिरणं बरं नव्हे. आम्ही एकदाच गेलो, आधी विचारून आणि रीतसर परवानगी काढून.

हिंदू विश्वविद्यालयाची गोष्ट निराळी. ते आवार सुमारे तेराशे एकरांचं आहे, म्हणजे लहानसं गावच. १९१६ च्या वसंतपंचमीला पायाभरणी झाली. जमीन काशीनरेशांनी दिली. आराखडा अर्धवर्तुळाचा: एकाबाहेर एक कमानीसारखे रस्ते आणि मधून आडवे फाटे. पहिल्यांदा गेलेला माणूस हमखास चुकतो, कारण वळण आलंय हे कळतच नाही, रस्ता हळूहळू फिरतो आणि आपण निघालो तिथेच येतो. आम्ही पहिल्या दिवशी एकाच पाणीपुरीवाल्याला तीनदा भेटलो.

माझा सल्ला असा, की लंका मोहल्ल्याकडच्या फाटकातून शिरल्यावर पहिल्या रस्त्यावर रेंगाळू नका. तिथे रुग्णालय आहे, रुग्णवाहिका आणि गावोगावचे नातेवाईक. आवारातल्या विश्वनाथ मंदिराच्या हिरवळीवरही सहली असतात. त्यापुढे जा. बाहेरच्या कमानींवर वसतिगृहांमागे आणि शेतीच्या बाजूला रस्ता रिकामा होत जातो. दुतर्फा आंबे. मे महिन्यात कैरी पडल्याचा आवाज येतो, टप्, आणि कुठूनतरी सायकलवरून एक मुलगा उगवतो. मधुबन नावाचा बागेचा तुकडाही आत आहे. तिथे संध्याकाळी विद्यार्थी प्रेम करतात किंवा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. दुरून दोन्हींत फरक कळत नाही.

नानांच्या गुडघ्यांना खरा आराम पडला तो इथे. पण ब्रह्माघाटाहून लंका म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं. जाण्यायेण्यात दीड तास आणि रिक्षाचे धक्के. म्हणून हे फक्त रविवारचं.

६. घरची आठवण येईल त्या जागेची सोय करून ठेवावी.

सिगऱ्याजवळ काशी विद्यापीठाच्या बाजूला भारतमाता मंदिर आहे. आत मूर्ती नाही. जमिनीवर संगमरवरात कोरलेला अखंड हिंदुस्थानचा उठावाचा नकाशा आहे, डोंगरांच्या उंच्या मोजून केलेला. १९३६ मध्ये गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं. बाबू शिवप्रसाद गुप्तांना ही कल्पना सुचली कुठे? पुण्याला. १९१३ मध्ये ते धोंडो केशव कर्व्यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमात गेले होते, तिथे जमिनीवर केलेला मातीचा असा नकाशा त्यांनी पाहिला. हिंगण्याच्या मातीवरून काशीचा संगमरवर.

भोवती झाडं आहेत, दुपारी माणूस नसतो. नाना कठड्यावरून वाकून पश्चिम किनारा शोधायचे. सह्याद्री एका बोटाच्या रुंदीचा. "हा महाबळेश्वर. म्हणजे ही वाई," असं म्हणून ते संगमरवरातल्या एका खळग्याकडे बोट दाखवायचे. बोट दर वेळी थोडं वेगळ्या खळग्याकडे जायचं. मी कधी दुरुस्त केलं नाही.

७. सारनाथला पंचांग बघून जावं.

आम्ही बुद्धपौर्णिमेला गेलो. हा मूर्खपणा सर्वस्वी माझा. नानांना धमेक स्तूपाचं टोक तेवढं दिसलं, तेही तो सुमारे ४३ मीटर उंच आहे म्हणून.

पुन्हा गेलो ते आषाढात, एका मंगळवारी, पावसाची सर येऊन गेल्यावर. उत्खननाच्या आवारात विटांच्या चौथऱ्यांमधलं गवत इतकं हिरवं होतं, की नानांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मूलगंधकुटी विहार १९३१ चा. त्याच्या शेजारचा बोधिवृक्ष श्रीलंकेतल्या अनुराधापुरच्या रोपाचा. तिथे गर्दी असतेच. पण मुख्य जागेच्या अलीकडे रस्त्याला लागून चौखंडी स्तूप आहे. विटांची टेकडी आणि तिच्यावर अष्टकोनी बुरूज, हुमायूँ इथे येऊन गेला होता त्याची आठवण म्हणून अकबराच्या काळात, १५८८ मध्ये बांधलेला. बसगाड्या तिथे थांबत नाहीत. त्या हिरवळीवर आम्ही डबा खाल्ला.

गोव्याहून निघालेले धर्मानंद कोसंबी १९०० च्या सुमारास काशीत संस्कृत शिकत होते, अन्नछत्रात जेवत होते. बौद्ध धर्माच्या ओढीनं घर सोडलेला माणूस. त्या वेळी सारनाथला झाडोरा आणि ढिगारेच असणार. सिंहशीर्ष सापडलं ते नंतर, १९०४-०५ च्या उत्खननात. नानांना कोसंबींचं आत्मचरित्र 'निवेदन' फार आवडतं. डबा खाताना त्यांनी मला त्याबद्दल पाऊण तास सांगितलं. मी तीन वेळा ऐकलेलं होतं.

८. उस पार जावं, पण उजवीकडे वळून.

गंगेचा पूर्व काठ रिकामा आहे. समोर सात किलोमीटर देवळं आणि राजवाडे, आणि इकडे नुसती वाळू. रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा पट्टा १९८९ मध्ये कासवांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला होता. अर्धवट जळालेले देह खाऊन कासवं पाणी स्वच्छ ठेवतील, अशी योजना. २०२० मध्ये तो दर्जा काढला गेला. आमच्या नावाड्याच्या मते कासवं अजून आहेत, "बस उनका कागज चला गया।"

अलीकडे घाटासमोरच्या वाळूवर उंट, घोडे, चहा, मोठ्यानं गाणी हे सगळं आलं आहे. तिथे उतरलात तर गर्दी नदी ओलांडून तुमच्याबरोबर येते. नावेतून उतरल्यावर उजवीकडे, रामनगरच्या दिशेनं पंधरा मिनिटं चालावं. हिवाळ्यात वाळू घट्ट असते, नानांच्या काठीचं टोक फार रुतायचं नाही. ऑक्टोबरात कासाचं गवत फुललेलं असतं, माणसाच्या खांद्याइतकं, पांढरं. त्यात बसलं की शहर दिसतं आणि ऐकू येत नाही. घंटा हलताना दिसल्यासारखं वाटतं.

डिसेंबर-जानेवारीत धुकं उतरायच्या आत परत फिरावं. एकदा आम्ही उशीर केला. दहा मिनिटांत समोरचं अख्खं बनारस पुसलं गेलं. नावाडी हाका मारत राहिला, आम्ही ओ देत राहिलो, आणि आवाज कुठल्या बाजूनं येतोय ते दोघांनाही कळेना. नाना शांत होते. "आता खरी शांतता," असं म्हणाले. मी त्यांच्यावर ओरडले.

९. कुणी बोलावलं तर लाजू नये.

माघात काकूंच्या मुलानं सांगितलं, रविवारी बगीचा. सारनाथच्या पलीकडे चिरईगावकडे त्यांच्या मित्राची पेरूची बाग होती. दोन रिक्षांतून अकरा माणसं, एक परात, पोतंभर गोवऱ्या. गोवऱ्यांना इथे गोइंठा म्हणतात आणि त्यांच्या रचलेल्या विस्तवाला अहरा. काकूंनी अहरा स्वतः रचला. गोल, मध्ये पोकळ, उतरत्या कडांचा. मुलगा हात घालायला आला तर त्याला झटकलं. ज्वाळा विझून राखेवर लाली आली की त्यात आधी वांगी, बटाटे आणि टोमॅटो, मग सातूचं सारण भरलेल्या बाट्या. सारणात लसूण, ओवा, कलौंजी, लोणच्याचा खार. बाटी काढायची, गमछ्यात घोळवून राख झटकायची, मुठीनं फोडायची आणि तुपाच्या वाटीत बुडवायची. वांगी-बटाट्यांची सालं काढून कच्च्या मोहरीच्या तेलात कुस्करली की चोखा. नानांनी तीन बाट्या खाल्ल्या. घरी ते दीड चपाती खातात.

मग सगळे झोपले. अक्षरशः सगळे, जिथे होते तिथे, पेरूच्या झाडाखाली, सतरंजीवर, गवतावर. कुणी गाणी लावली नाहीत, फोटो काढले नाहीत. पोपट वर पेरू कुरतडत होते आणि अर्धी खाल्लेली फळं मधूनमधून खाली पडत होती. एक काकूंच्या पोटावर पडलं. त्यांनी डोळे न उघडता ते उचलून बाजूला ठेवलं.

संध्याकाळी परतताना मुलगा म्हणाला, पुढच्या वर्षी कुठे जायचं ते बघावं लागेल. या बागेचे प्लॉट पडणार आहेत. त्याच्या लहानपणी ते शिवपूरला जायचे, त्याच्या वडिलांच्या लहानपणी सिगऱ्याला. बहरी अलंग दर पिढीला थोडी लांब जाते.

१०. पावसाळ्यात घरी बसावं.

ऑगस्टात गंगा चढते. घाट एकमेकांपासून तुटतात, वाळू नाहीशी होते. पेपरात रोज आकडा येतो. धोक्याची खूण ७१.२६ मीटरवर. आमच्या घराच्या खालचं देऊळ बुडालं, मग त्याचा कळस. दशाश्वमेधाची आरती गच्चीवर गेली. मच्छोदरीत गुडघाभर पाणी. नाना खिडकीशी बसून राहिले.

समोरचा पिंपळ तेव्हा वाढला. पावसानं त्याला पंधरा-सोळा पानं आली, फट रुंदावली, आणि घरमालक काळजीत पडले. भिंत जाते, पण पिंपळ तोडायचा कसा? दोन दिवस चर्चा झाली. शेवटी नानांनी तोडगा काढला, की तोडायचा नाही, हलवायचा. एका पोराला शिडीवर चढवून, चुना ओला करून, जमेल तेवढ्या मुळांसकट तो उतरवला. तुपाच्या पंधरा किलोच्या डब्याला तळाला भोकं पाडली. माती मच्छोदरीतून आणली, पत्त्यातल्या भिडूंनी पिशवीतून पोचवली. डबा काकूंच्या अंगणात, आडाच्या बाजूला ठेवला. पहिल्या आठवड्यात सगळी पानं गळाली. मग टोकाला तांबडा कोंब आला.

ऑक्टोबरात आम्ही वाईला परतलो. नाना आता रोज कृष्णेवर जातात आणि तिथल्या लोकांना बनारसला किती झाडं आहेत ते सांगतात.

परवा काकूंचा फोन आला होता. म्हणाल्या, पिंपळाला सात पानं झाली होती, काल माकडानं पाच खाल्ली. दोन आहेत. नानांना सांगू नकोस.